चार नंबरला रोज दुपारी थंडी वाजते

ती. आत्यास,

तुझ्या भाचीचा वाकून नमस्कार. भाची तब्येतीनं बरी आहे, फक्त तिचं डोकं जागेवर नाही, आणि ते कुठे गेलं हे सांगण्यासाठीच हे पत्र आहे. तुझे गुडघे कसे आहेत? ओल्या चादरी उचलताना कमरेत वाकू नका, गुडघ्यात वाका, असं तुला डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि गुडघ्यात वाकता आलं असतं तर तुमच्याकडे कशाला आले असते, असं तू डॉक्टरांना सांगितलं होतंस. त्या वादात पुढे कोण जिंकलं ते कळव. आबांचा खोकला गेला का? सायकलच्या चाकात हवा भरताना तोंडात विडी धरू नये हे त्यांना माझ्या नावानं सांग. तुझ्या नावानं सांगून उपयोग होत नाही हे मला लहानपणापासून माहीत आहे.

पत्र वाचून दाखवणाऱ्या आणि तुझं उत्तर लिहून देणाऱ्या शेजारच्या कंपाउंडरकाकांनाही नमस्कार. काका, एक विनंती आहे. मागच्या पत्रात मी कंसात लिहिलेलं फक्त तुमच्यासाठी होतं, तरी आत्याच्या उत्तराची सुरुवातच "मी घोरते असं तुला कोण म्हणालं" अशी झाली. या वेळी कंसातला मजकूर कृपा करून मनात वाचावा. (ही विनंतीसुद्धा मनातच वाचायची होती. कंस घालायचा राहिला. माझं सध्या असंच चाललंय.)

आत्या, तुझ्या पत्रात विचारलं आहेस की मी नोकरीत कायम झाले का, मी नेमकं काय काम करते, आणि मी डबा कसा भरते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात आहे, म्हणून आधी कामाचं सांगते. "भाची कारखान्यात गणितं करते" असं तू सांगितलंस आणि तुझ्याबरोबर लाँड्रीत काम करणाऱ्या बायका म्हणाल्या की गणितं तर शाळेतच संपतात, हे वाचून मला हसू आलं नाही. मलाही तसंच वाटत होतं. डब्याचं शेवटी लिहिते. (काका, डब्याचं प्रकरण नाजूक आहे. आत्यानं मला नोकरी लागल्यावर तो चार कप्प्यांचा स्टीलचा मनोरा दिला, तेव्हा मी तिला लिहिलं होतं की तुझा डबा जेवण दुपारपर्यंत कढत ठेवतो. ते खरंच होतं, मी खोटं लिहीत नाही. पण त्या एका वाक्यावर लाँड्रीतल्या दोघींनी तसाच डबा घेतला, त्यांचं जेवण गार होतं, आणि आत्या त्यांना सांगते की तुम्हाला भरता येत नाही. आता त्या तिघी एकमेकींशी बोलत नाहीत असं तुम्हीच समासात लिहिलं आहे. त्यामुळे पुढचं जपून वाचा.)

तर काम. आमच्या कारखान्यात पेन्सिली होतात. पेन्सिलीचं लाकूड आधी पातळ पट्ट्या करून ड्रायर नावाच्या एका मोठ्या गरम खोलीत वाळवतात. सगळ्या पट्ट्यांना सारखी ऊब लागली पाहिजे. एखाद्या कोपऱ्यात कमी लागली की तिथलं लाकूड ओलं राहतं, मग पेन्सिल वाकते, आतलं शिसं आतल्या आत तुटतं, आणि पोरं टोक करत बसतात आणि टोक पडत राहतं. लहानपणी माझी पेन्सिल सारखी तुटायची आणि तू म्हणायचीस की मी फार दाबून लिहिते. आत्या, ते बहुतेक कुठल्यातरी ड्रायरमुळे होतं.

या खोलीत सहा ठिकाणी तापमान मोजणाऱ्या सळ्या आहेत, त्यांना सेन्सर म्हणतात. सहाही सेन्सरच्या तारा बाहेर भिंतीवरच्या एका पेटीत जातात. ही पेटी म्हणजे रेकॉर्डर. तो दिवसरात्र सहा तापमानं टिपत बसतो आणि पडद्यावर सहा रंगांच्या रेघा ओढतो. तो काहीही विसरत नाही आणि टिपलेलं कोणाला पुसूही देत नाही. एवढंच असतं तर तो आणि मी सुखात राहिलो असतो. पण ज्या कंपनीला आमच्या पेन्सिली जातात तिनं कळवलं की नुसत्या रेघा नकोत, आम्हाला सहा जागांची सरासरी दाखवा, आणि सगळ्यात गरम जागा व सगळ्यात थंड जागा यांतला फरक दाखवा, आणि तो फरक कधीही पाच अंशांच्या वर जाता कामा नये. आमची तपासनीस येऊन बघेल. यावर आमचे साहेब मला म्हणाले, "रेकॉर्डरमध्ये गणिताची सोय आहे. आपलं सूत्र आपण घालायचं. गणित तर सरळ आहे." आणि मग खुर्ची मागे ढकलत म्हणाले की तपासणी नीट पार पडली तर तुला कायम करू, नाहीतर रेकॉर्डर विकणाऱ्यांचाच माणूस बोलावू, मग तुझं काय ते बघू.

माझं काय ते मला माहीत होतं. आबांनी निघतानाच सांगितलं होतं की कायम नाही झालीस तर परत ये, दुकानात पंक्चर काढायला माणूस हवाच आहे. ते प्रेमानंच म्हणाले, पण पंक्चरचा डिंक त्यांनी त्याच दिवशी आणून ठेवला हे मी पाहिलं. (आणि आत्यानं तर गल्लीभर सांगून टाकलंय की मी कायम झालेच. काका, तुम्ही तिला थोडं तरी अडवायचं होतं.)

आता गणित सरळ असेल, पण ते त्या पेटीत घालणं सरळ नाही. तिला अक्षरांची बटणं नाहीत, फक्त चार बाण आहेत. एक अक्षर हवं तर बाण दाबत सगळी बाराखडी ओलांडत जायचं, ते अक्षर पकडायचं, मग पुढच्या अक्षरासाठी पुन्हा प्रवास. चुकून एक दाब जास्त पडला की अक्षर निसटून पुढे जातं आणि पुन्हा सगळा फेरा. आणि मी विचार करायला जरा थांबले, की पेटीला वाटतं मी निघून गेले. ती आपोआप पहिल्या पानावर परत येते आणि मी लिहिलेलं सगळं टाकून देते. तुला माहीत आहे मी किती विचार करते. एकेक चिन्ह दोनदा तपासल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, आणि त्या पेटीला तपासणारी माणसं चालत नाहीत. शेवटी मी सूत्र हातावर शाईनं लिहून नेलं आणि श्वास रोखून एका दमात घातलं.

घातलं, आणि पडद्यावर नुसत्या आडव्या रेघा आल्या. आकडाच नाही. मी सूत्र पुसून पुन्हा घातलं. पुन्हा रेघा. सोबतचं माहितीपुस्तक उघडलं तर त्यात एका भाषेतून दुसऱ्या भाषेत आणि तिथून तिसऱ्या भाषेत ओढत आणलेली वाक्यं होती, आणि रेघांबद्दल एवढंच होतं की "रेघा दिसल्यास मूल्य नाही". ते मलाही दिसत होतं. शेवटी रेकॉर्डर विकणाऱ्यांना फोन लावला. तिकडचा माणूस माझं सगळं म्हणणं शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "मॅडम, गणित चालू केलंय का?" म्हणजे सूत्र घालायचं ते घालायचंच, पण "गणित चालू कर" असं त्या पेटीला वेगळ्या बटणानं सांगायचं. मी त्याला विचारलं, गणित घातल्यावर ते बंद ठेवायला कोण घालतं? तो म्हणाला, असं आजवर कोणी विचारलं नाही.

चालू केलं. आणि सरासरी आली तीनशे दहा. आत्या, ड्रायर साठ अंशांवर असतो. तीनशे दहाला लाकूड पेट घेतं. मी सरासरीला धोक्याची घंटाही जोडून ठेवली होती (माझा स्वभाव), ती अशी कोकलली की ड्रायर सांभाळणारे डुलकीदादा वाळूची बादली घेऊन धावत आले. त्यांना डुलकीदादा म्हणतात कारण ते स्टुलावर बसल्या बसल्या झोपतात, आणि ड्रायरला काही झालं की बरोबर त्याच्या आधी उठतात. त्या दिवशी मात्र ते आधी उठले नाहीत, कारण ड्रायरला काही झालंच नव्हतं. मला सहा तापमानांची बेरीज करून तिला सहाने भागायचं होतं, पण बेरजेभोवती कंसच घातला नव्हता, त्यामुळे पेटीनं फक्त शेवटच्याला सहाने भागलं आणि बाकीचे पाच तसेच मिळवले. दादा बादली खाली ठेवत म्हणाले, "गणितबाई, पुढच्या वेळी आग लावायच्या आधी सांगत जा, मी चप्पल घालून येईन." तेव्हापासून सगळा कारखाना मला गणितबाई म्हणतो.

त्यानंतर फरकाचं सूत्र. सगळ्यात गरम वजा सगळ्यात थंड. मी ते उलटं घातलं, आणि उत्तर आलं उणे तीन. मी कपाळाला हात लावणार, तेवढ्यात साहेब मागे येऊन उभे राहिले आणि खूश होऊन म्हणाले, "वा, शून्याच्याही खाली! म्हणजे पाचच्या आतच की." मी म्हटलं, साहेब, हे उलटं आहे. ते म्हणाले, उलटं असलं तरी चांगलं आहे, असू दे. मी ते सुलटं केलं तेव्हा त्यांचा चेहरा असा पडला की जणू मी त्यांच्या खिशात हात घातला.

सुलटं केल्यावर फरक सकाळभर तीनच्या आसपास. मी देवाला हात जोडले. आणि मग जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी फरक चढायला लागला, पाच ओलांडला, आठला जाऊन टेकला, आणि सुट्टी संपायच्या सुमाराला पुन्हा खाली आला. सहापैकी पाच सेन्सर जागच्या जागी, आणि एकटा चार नंबर रोज दुपारी गारठायचा. रोज म्हणजे रोज, फक्त सुट्टीच्या दिवशी नाही. मी जुन्या नोंदी उलगडल्या. माझ्या आधीही चार नंबरला थोडं गार वाटायचं, पण अगदी थोडं. मी नोकरीला लागले आणि त्याला हुडहुडी भरली. आत्या, तू मला ओळखतेस. रस्त्यात कोणी ठेचकाळलं तरी तो दगड मी ठेवला होता का असा विचार माझ्या मनात येतो. माझी खात्रीच पटली की हे माझ्या सूत्रामुळे होतंय.

मी सूत्र पुसून पुन्हा घातलं. मग वाटलं तार सैल असेल, म्हणून तीन आणि चारच्या तारांची अदलाबदल केली, तर दुपारी पडद्यावर तीन नंबर गारठला. म्हणजे पेटी ठीक. मग सेन्सरच बदलून पाहिला, तरी तेच. म्हणजे सेन्सर ठीक. म्हणजे ती जागा खरोखरच रोज दुपारी गार होत होती, आणि का ते बघायला मी तिथे कधीच नसायचे, कारण नेमकी तेव्हा साहेबांची रोजची मीटिंग असते. तिला सगळ्यांनी हजर राहायचं असतं आणि तिच्यात काहीही होत नाही. मी डुलकीदादांना विचारलं की चार नंबरपाशी दुपारी काही होतं का हो? ते म्हणाले, "काही नाही. झोपलेला असतो." मी विचारलं कोण, तर म्हणाले, "मी."

शेवटी मी साहेबांपुढे हात टेकले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "चार नंबर गणितातून काढून टाक. पाचांची बेरीज कर, पाचने भाग. फरकातूनही वगळ. तपासनीस बाईंना सूत्र कोण दाखवतंय? गणित तर सरळ आहे."

आत्या, हे होण्यासारखं होतं, तीच तर पंचाईत. सूत्र माझं, पेटी माझ्या हातात, दोन अक्षरं पुसायची आणि फरक कायमचा तीनवर. मीही कायम. मी पेटीपुढे उभी राहिले आणि बाणावर बोट ठेवलं. मग मला तू आठवलीस, शाळेच्या पहिल्या दिवशी आबांशी भांडणारी. आबा म्हणत होते, पोरीच्या जातीला गणित शिकून काय करायचंय, आणि तू म्हणालीस, "हिला आकडा वाचता आला पाहिजे, म्हणजे मला जसा कोणीही काहीही वाचून दाखवतो तसं हिला कोणी दाखवणार नाही." (काका, हे तुम्हाला उद्देशून नव्हतं. तेव्हा तुम्ही शेजारी राहायलाही आला नव्हता.) आता मीच कोणाला तरी काहीही वाचून दाखवणार होते. मी विचार करत राहिले, आणि पेटीला वाटलं मी निघून गेले. ती आपोआप पहिल्या पानावर परत आली. त्या पेटीनं माझ्यावर केलेला हा एकुलता एक उपकार.

मग तपासणीच्या आदल्या दिवशी मी मीटिंगला दांडी मारली आणि पट्ट्यांच्या चळतीमागे जाऊन उभी राहिले, आणि कारण सापडलं.

(काका, इथून सगळं मनात. डुलकीदादा झोपलेले नव्हते. ते आमच्या डब्यांच्या रॅकपाशी गेले, सगळ्यांचे डबे टोपलीत भरले, ड्रायरची बाजूची छोटी झडप उघडली, आणि एकेक डबा आत मांडायला लागले, बरोबर चार नंबरच्या नाकासमोर. सगळ्यात शेवटी दोन्ही हातांनी धरून, कमरेला झटका देत, आमच्या आत्याचा मनोरा. मी बाहेर आले. "दादा, हे काय?" ते दचकले नाहीत. "काय म्हणजे? डबे." "ड्रायरमध्ये?" "मग काय काखेत गरम करू? मी इथे लागल्यापासून करतोय. तू रोज कढत जेवतेस ते तुला काय वाटलं?" काका, मला वाटलं डबा चांगला आहे! दादा म्हणाले, "आणि तुझाच डबा सगळ्यात जड. काय भरतेस गं, विहीर?" आता काय सांगू. विहीरच. मला चार कप्पे जेवण जात नाही, दोन पुरतात. पण निघताना आत्यानं माझा हात धरून वदवून घेतलं होतं की डबा अर्धा रिकामा नेणार नाही, लोक म्हणतील पोरीला कोणी नाही. मी शब्द दिला. दोन कप्पे मेसमधली बाई भरते, उरलेल्या दोनांत मी थंड पाणी भरते, प्यायला होतं. दुपारी ते कोमट लागायचं, मला वाटायचं हवामान. दादांनी झाकण उघडून पाहिलं आणि स्टुलावर बसले. "अगं, दोन कप्पे खोलीवर ठेवून यायचे." मी म्हटलं, मग तो डबा अर्धा झाला असता, आणि मी शब्द पूर्ण डब्याचा दिला होता. त्यांनी झाकण पुन्हा घट्ट लावलं. मग म्हणाले, "तुला गणित का देतात ते कळलं." मी लगेच पाण्याचे कप्पे काढून पाहिलं, तर फरक साडेचारच्या वर गेला नाही. म्हणजे माझं सूत्र पहिल्यापासून बरोबर होतं. कारखान्याची सरासरी बिघडवत होता तो माझा शब्द.)

आता तपासणी. तपासनीस बाई आल्या. काटक, चष्मा गळ्यात अडकवलेला, आणि प्रत्येक वाक्यानंतर "बरं" म्हणायची सवय. ते "बरं" म्हणजे बरं नसतं. त्यांनी आधी सूत्रच मागितलं (साहेब माझ्याकडे बघेनात), कागदावर हातानं बेरीज भागाकार केला, पडद्याशी ताडून पाहिला आणि म्हणाल्या, "बरं." मग मागच्या नोंदी मागितल्या. रेकॉर्डर कधी काही विसरतो का? त्यानं सगळ्या दुपारी एकामागून एक उलगडून दाखवल्या, आणि प्रत्येक दुपारी चार नंबरचा खड्डा. त्या दिवशी डबे रॅकवरच होते, दादांनी स्वतः पहारा ठेवला होता, पण जुन्या दुपारींवर पहारा कसा ठेवणार?

बाईंनी विचारलं, "हे काय?" साहेब म्हणाले, "सेन्सर जुना होता." मी म्हणाले, "डबे." दोघांचं एकदमच निघालं. शब्द निघून गेला होता. बाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, "कोणाचे?" मी म्हटलं, सगळ्यांचे गरम करतात, पण खड्डा पडतो तो माझ्यामुळे. "बरं. सगळ्यांचे म्हणजे?" आता मी काय करू? मी साहेबांकडे पाहिलं. मला तसं पाहायचं नव्हतं, मान आपोआप वळली. साहेबांनी घसा साफ केला. "माझाही असतो," ते म्हणाले, "पण लहान."

आत्या, बाईंनी चष्मा लावला, काढला, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होत्या की काय ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण तोंडाला रुमाल होता. मग त्यांनी लिहिलं ते असं: गणित बरोबर आहे, नोंदी खऱ्या आहेत, ड्रायरमध्ये अन्न ठेवणं तात्काळ बंद करावं, पुन्हा येऊन बघू. जाताना मला विचारलं की चार नंबर वगळावा असं मनात आलं नाही का? मी म्हटलं, आलं होतं, पण मला विचार करायला वेळ लागला. त्या म्हणाल्या, "बरं." हे पहिलं बरं जे खरोखर बरं होतं.

म्हणजे सगळं छान झालं असं तू समजशील. छे. दुसऱ्या दिवसापासून सगळा विभाग गार जेवायला लागला, आणि माझ्याशी बोलेनासा झाला. मी जेवायला बसले की आजूबाजूची बाकं रिकामी व्हायची. पॅकिंगमधली एक बाई माझ्याकडे बघत गार घास इतका सावकाश चावायची की मला माझा घास गिळवत नसे. डुलकीदादा तर झोपायचेच बंद झाले. नुसते बसून माझ्याकडे बघायचे, आणि मी जवळून गेले की म्हणायचे, "गणित बरोबर आलं ना? मग झालं." साहेबांनी मला बोलावून घेतलं. समोर त्यांचा लहान डबा उघडा होता, त्यावर साय धरली होती. ते म्हणाले, "कायमचा कागद तयार आहे. सहीच करायची राहिली आहे. पण या डब्यांचं तूच काहीतरी बघ. तू काढलंस, तूच निस्तर."

म्हणून मी निस्तरलं. ओल तपासायची एक जुनी भट्टी आमच्या प्रयोगशाळेत धूळ खात पडली होती, साधारण फडताळाएवढी. ती पुसून व्हरांड्यात आणली. तिच्यात एक सेन्सर बसवला आणि तार रेकॉर्डरला जोडली, कारण त्याच्यात सातवी जागा रिकामी होती. मग मी पुन्हा बाण दाबत बाराखडीतून फिरले आणि सूत्र घातलं, की सातवा सरासरीत धरायचा नाही, फरकातही धरायचा नाही, पण तो डबे तापतील एवढा वेळ गरम राहिला की हिरवा दिवा लावायचा. कंस घातले, दोनदा मोजले. गणित चालू केलं. पहिल्या दुपारी हिरवा दिवा लागला तेव्हा डुलकीदादा आधीच उठून भट्टीपाशी उभे होते. कढत डबा हातात घेऊन ते म्हणाले, "बस इथे, गणितबाई," आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं. त्याच संध्याकाळी साहेबांनी सही केली. तर आत्या, तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे. तू गल्लीत सांगितलेलं आता खरं झालं आहे. आबांना सांग, डिंक वाया जाणार नाही, पंक्चर तर होतच राहतात.

गुडघ्यांना जप. काकांच्या सूनबाईंना आणि त्यांच्या बाळाला माझा आशीर्वाद, वयानं मी लहान असले तरी.

तुझीच (आणि आता कायमची),
भाची

ता. क. डब्याचं शेवटी लिहिते म्हटलं होतं. डबा उत्तम आहे. त्याच्यात काही दोष नाही. एवढंच.

ता. क. २. नाही, एवढंच नाही, मला झोप लागणार नाही. व्हरांड्यातल्या भट्टीत सगळ्यांचे डबे जातात, साहेबांचा जातो, दादांचा चेपलेला जातो, फक्त तुझा मनोरा जात नाही. भट्टीचं दार बुटकं आहे. मी तो आडवा घालून पाहिला, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, भट्टी धुवावी लागली. सगळा विभाग माझ्या गणितावर गरम जेवतो आणि मी एकटी गार. तर तू लाँड्रीत नेतेस तो तुझा दोन कप्प्यांचा जुना डबा मला पाठवशील का? मोठा तुझ्याकडे पाठवते, चारही कप्प्यांसकट. आणि तो पूर्ण भरून नेण्याचा शब्द मला परत दे. तोंडानं दिलास तरी चालेल, काका लिहून घेतील.

ता. क. ३. आत्या, काका कंस वाचून दाखवतात हे मला माहीत आहे. म्हणूनच पाण्याचं कंसात लिहिलं, तुला सरळ सांगायचा धीर होईना. चिडली असशील तर काकांवर चिड, त्यांना मी मनात वाचायला सांगितलं होतं. आणि त्या दोघींशी बोलणं सुरू कर. त्यांना सांग, डबाही चांगला आणि त्यांना भरताही येतं, फक्त सोबत ड्रायर लागतो. तुमच्याकडे चादरी वाळवायचा आहेच. पण डबे आत ठेवायच्या आधी आजूबाजूच्या भिंतीवर एखादी पेटी आहे का ते नीट बघा, आणि मी सांगितलं असं कोणाला सांगू नका.